व्हिसाच्या चिठ्ठीत नाव आले नाही, आता पुढे काय?

‘लॉटरी’ हा शब्द आपल्या घरांतून कुणी चांगल्या अर्थाने घेत नाही. म्हणून शिकलेला मुलगा अमेरिकेतून फोनवर “अब्बा, लॉटरीत नाव नाही आले” असे सांगतो, तेव्हा इकडे पहिला सवाल निघतो की हा कसला जुगार खेळत बसला? कैनाड, डहाणू, तलासरी या आमच्या भागात आणि कापडाच्या कामानिमित्त जिथे आमचे जाणे-येणे असते त्या भिवंडीत हा सवाल आम्ही अनेक घरांतून ऐकला आहे. बाप शिवणकाम करणारा, फर्निचरवाला किंवा छोटा दुकानदार. मुलगा किंवा मुलगी कॉम्प्युटर इंजिनीअर. बापाला व्हिसाची भाषा कळत नाही आणि मुलाला ती बापाच्या भाषेत सांगता येत नाही. या दोघांच्या मध्ये मग एजंट शिरतो. तो शिरू नये म्हणून ही माहिती देत आहोत.

ही चिठ्ठी जुगाराची नव्हे. हज कमिटीकडे कोट्याहून जास्त अर्ज आले की कुर्रा काढतात, त्याच जातीची ही गोष्ट आहे. कुर्ऱ्यात नाव आले नाही म्हणून त्या माणसाची नियत खोटी होती असे कुणी म्हणत नाही. जागा कमी आणि माणसे जास्त, एवढाच त्याचा अर्थ. अमेरिकेच्या एच-१बी व्हिसाचेही तसेच आहे. १९९० च्या कायद्याने हा व्हिसा आला. ज्या कामाला निदान पदवी लागते अशा कामासाठी तो मिळतो. वर्षाला ६५,००० जागा, आणि अमेरिकेतच मास्टर्सची पदवी घेतलेल्यांसाठी आणखी २०,०००. एकदा मिळाला की तीन वर्षे, आणि वाढवून एकूण सहा वर्षे.

यातली मुख्य बाब पालकांच्या ध्यानात येत नाही ती अशी की, हा अर्ज मुलगा स्वतः करीत नाही. त्याला नोकरी देणारी कंपनी मार्च महिन्यात त्याचे नाव नोंदवते. मग संगणकावर चिठ्ठ्या निघतात. नाव निघाले तर कंपनीने पूर्ण अर्ज भरायचा, आणि तोही नामंजूर होऊ शकतो. मुलाच्या हातात आहे ते आपले काम आणि आपले कागद. चिठ्ठी ना त्याच्या हातात, ना कंपनीच्या हातात. “अमुक रक्कम द्या, पुढच्या वर्षी नाव काढून देतो” असे कुणी म्हणाला तर तो खोटे बोलत आहे, हे एवढ्यावरूनच समजावे.

आता आकडे पाहा. २०२३ च्या मार्चमध्ये ७,५८,९९४ नोंदी पात्र ठरल्या होत्या. त्यांतल्या निम्म्याहून अधिक नोंदी अशा होत्या की एकाच माणसाचे नाव दोन-दोन, चार-चार कंपन्यांनी घातले होते. त्यामुळे २०२४ पासून नियम बदलला. कितीही कंपन्यांनी नाव घातले तरी एका पासपोर्टाची एकच चिठ्ठी. त्या वर्षी पात्र नोंदी ४,७०,३४२ वर आल्या. २०२५ मध्ये नोंदणीची फी १० डॉलरवरून २१५ डॉलर झाली, नोंदी ३,४३,९८१ वर उतरल्या आणि त्यांतून १,२०,१४१ निवडल्या गेल्या. म्हणजे शंभरातले पस्तीस लागले, पासष्ट राहिले. त्या पासष्टांमध्ये उत्तम गुणांचे, उत्तम कंपन्यांतले असंख्य होते. मुलाचे नाव आले नाही तर तो त्यांतलाच एक.

यानंतर दोन बदल झाले, ते कापडवाल्याच्या नजरेने सांगतो. पहिला असा की, सगळ्या चिठ्ठ्या सारख्या वजनाच्या राहिल्या नाहीत. डिसेंबर २०२५ मध्ये अमेरिकेने नियम पक्का केला आणि २७ फेब्रुवारी २०२६ पासून तो लागू केला. त्यात पगाराच्या चार पायऱ्या धरल्या आहेत. सर्वांत वरच्या पायरीवरच्या माणसाचे नाव चार वेळा, त्याखालच्याचे तीन वेळा, मग दोन वेळा, आणि नुकत्याच कामाला लागलेल्या पहिल्या पायरीच्या मुलाचे नाव एकदाच पेटीत पडते. भारी मालाला गल्ल्याजवळची मांडणी आणि साध्या कापडाला मागचा कोपरा, अशीच ही सोय झाली. ज्यांची मुले नुकती पदवी घेऊन बाहेर पडली आहेत त्यांनी हिशेब करताना हे धरून चालावे.

दुसरा बदल मोठ्या रकमेचा. १९ सप्टेंबर २०२५ रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी हुकूम काढला की नव्या एच-१बी अर्जामागे कंपनीने एक लाख डॉलर भरावे. हुकूम २१ सप्टेंबर २०२५ पासून आणि मुळात बारा महिन्यांसाठी होता. त्यामुळे आपल्या अर्जाच्या दिवशी तो कोणत्या स्वरूपात आहे हे पाहूनच पुढे जावे. पण ऑक्टोबर २०२५ मध्ये तिथल्या खात्याने केलेला खुलासा महत्त्वाचा आहे. जो मुलगा शिक्षणाच्या व्हिसावर अमेरिकेतच आहे आणि तिथेच राहून एच-१बी मध्ये बदली मागतो, त्याच्या अर्जाला ही रक्कम लागत नाही. जो भारतात बसला आहे त्याच्यासाठी कंपनीला ती लागते. म्हणजे दोन मुले सारख्या हुनराची असली तरी एकासाठी कंपनी अर्ज करील आणि दुसऱ्यासाठी करणार नाही. घाईघाईने मुलाला “सगळे सोडून घरी ये” असे सांगण्यापूर्वी पालकांनी एवढे विचारून घ्यावे.

अमेरिकेतच असलेल्या मुलाचे मार्ग

शिक्षण संपल्यावर विद्यार्थ्याला बारा महिने काम करण्याची परवानगी मिळते. सायन्स, इंजिनीअरिंग, गणित अशा विषयांची पदवी असेल तर त्यावर आणखी २४ महिने. एकूण तीन वर्षे झाली, म्हणजे बहुधा तीन मार्च हाताशी येतात. पहिल्या चिठ्ठीत नाव आले नाही म्हणून मातम करण्याचे कारण नाही. मात्र या मुदतीत बेकार बसण्याचे दिवसही मोजलेले असतात. पहिल्या वर्षात ९०, आणि वाढीव मुदत धरून सगळे मिळून १५०. वाढीव २४ महिन्यांसाठी कंपनी सरकारच्या ई-व्हेरिफाय पद्धतीत नोंदलेली लागते. सगळी मुदत संपली की साठ दिवसांत निघायचे किंवा दुसरा परवाना मागायचा.

दुसरा मार्ग फार थोड्यांना माहीत आहे. विद्यापीठे, त्यांच्याशी जोडलेल्या ना-नफा संस्था आणि रुग्णालये, ना-नफा आणि सरकारी संशोधन संस्था यांना वर्षाच्या कोट्याची मर्यादा नाही. त्यांनी अर्ज केला तर चिठ्ठीच नाही. बारा महिने केव्हाही अर्ज चालतो. पगार खासगी कंपनीपेक्षा कमी असतो. पण ज्या मुलाला तिथे राहायचेच आहे त्याने कमी पगार पाहून नाक मुरडू नये. एवढे मात्र लक्षात ठेवावे की तिथून पुढे खासगी कंपनीत जायचे तर पुन्हा चिठ्ठीच्या रांगेत उभे राहावे लागते.

तिसरा मार्ग एल-१ चा. याला कोटा नाही. कंपनीच्या अमेरिकेबाहेरील कचेरीत गेल्या तीन वर्षांपैकी सलग एक वर्ष काम केलेल्या माणसाला तीच कंपनी आपल्या अमेरिकेतील कचेरीत बोलावू शकते. मॅनेजर असेल तर जास्तीत जास्त सात वर्षे, कंपनीच्या खास कामाचा जाणकार असेल तर पाच. म्हणून ज्यांचे नाव चिठ्ठीत येत नाही त्यांना पुष्कळ मोठ्या कंपन्या वर्षभर पुणे, हैदराबाद, टोरंटो अशा ठिकाणी बसवतात आणि नंतर परत नेतात. मुलाने राजीनामा देण्याआधी आपल्या साहेबाला हे विचारावे. या व्हिसावर गेलेल्याच्या पत्नीला किंवा पतीला तिथे कामही करता येते, जे एच-१बी वाल्याच्या जोडीदाराला सहसा मिळत नाही. खोट एकच. हा व्हिसा त्या एका कंपनीला बांधलेला असतो. नोकरी गेली की व्हिसाही गेला.

एल-१ मध्ये आपल्या व्यापारी बंधूंच्या कामाचीही एक गोष्ट आहे. ज्यांची स्वतःची निर्यातीची पेढी आहे ते अमेरिकेत शाखा काढून आपला जुना मॅनेजर तिथे पाठवू शकतात. नव्या शाखेला पहिली मंजुरी एका वर्षाची मिळते. वर्षाच्या शेवटी जागा, नोकर, उलाढाल खरोखरची आहे का ते तपासले जाते. केवळ मुलाला पाठवण्यासाठी पाटी लावलेली शाखा टिकत नाही, आणि त्यात घरचे भांडवल जाते ते वेगळेच. नमुने दाखवायला, ग्राहकांना भेटायला किंवा प्रदर्शन पाहायला जायचे असेल तर साधा व्यापारी भेटीचा बी-१ व्हिसा पुरतो. त्यावर तिथे नोकरी मात्र करता येत नाही.

चौथा ओ-१. आपल्या कामात असामान्य ठरलेल्या माणसांसाठी तो आहे. शास्त्रज्ञ, इंजिनीअर, व्यापारी यांना मोठा पुरस्कार नसेल तर आठ कसोट्यांपैकी निदान तीन कसोट्यांचा पुरावा द्यावा लागतो. पुरस्कार, वर्तमानपत्रांतील लेख, स्वतःचे छापलेले संशोधन, इतरांच्या कामाची परीक्षा करण्यासाठी आलेले बोलावणे, भारी पगार वगैरे. कोटा नाही, सुरुवातीला तीन वर्षांपर्यंत मिळतो. कलावंतांसाठी याच व्हिसाची वेगळी शाखा आहे. शिवाय पी-३ नावाचा एक व्हिसा आहे, जो एखाद्या समाजाची खास परंपरागत कला दाखवायला किंवा शिकवायला जाणाऱ्यांसाठी असतो.

येथे आमच्या तालुक्याचेच उदाहरण देतो. गंजाडचे वारली चित्रकार जिव्या सोमा म्हशे यांना २००९ मध्ये नेदरलँड्सचा प्रिन्स क्लाउस पुरस्कार आणि २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांच्यापाशी इंजिनीअरिंगची पदवी नव्हती, पण असल्या कसोटीला जो पुरावा लागतो तो त्यांच्या कामाने तयार झाला होता. आपल्या समाजात जरीकाम, लाकडावरचे कोरीव काम, सुलेखन करणारे एकाहून एक हुनरमंद आहेत. पण कुणी प्रदर्शनाचे पत्रक जपून ठेवत नाही, की वर्तमानपत्रातले कात्रण ठेवत नाही. कामाच्या जोडीला कागद ठेवायची सवय लागली तर ती मुलांच्याही कामी येईल.

पुन्हा कॉलेजात नाव घालून राहण्याचा मार्गही काही मुले धरतात. खरे शिक्षण असेल तर हरकत नाही. पण पहिल्याच दिवसापासून नोकरीची परवानगी देण्याची जाहिरात करणाऱ्या कॉलेजांपासून सावध राहावे. पुढे व्हिसा बदलताना त्या दोन वर्षांचा जाब विचारला जातो.

जे भारतीयांसाठी नाहीच

एजंट मंडळींच्या तोंडी असलेली काही नावे भारतीय पासपोर्टावर चालतच नाहीत. टीएन हा व्हिसा कॅनडा आणि मेक्सिकोच्या नागरिकांसाठी आहे. ई-३ ऑस्ट्रेलियाच्या नागरिकांसाठी. ई-२ हा गुंतवणूकदारांचा व्हिसा ज्या देशांशी अमेरिकेचा तसा करार आहे त्यांच्यासाठी आहे. भारताशी तो करार नाही.

सर्वांत जास्त फसवणूक होते ती ‘ग्रीन कार्ड लॉटरी’च्या नावाने. लॉटरी म्हणताच लोकांना ती आणि एच-१बी एकच वाटतात. ती संपूर्ण वेगळी योजना आहे. ज्या देशांतून अमेरिकेत थोडे लोक जातात त्यांच्यासाठी ती काढली. गेल्या पाच वर्षांत पन्नास हजारांहून जास्त लोक गेले असे देश तीतून वगळले जातात, आणि भारत वर्षानुवर्षे वगळलेल्यांतच आहे. भारतात जन्मलेल्या माणसाला सर्वसाधारणपणे तिच्यात भागच घेता येत नाही. तरीही आमच्या ओळखीच्या एका शिलाई कारागिराकडून दोन मुलांच्या नावाने या लॉटरीच्या फॉर्माचे पैसे घेतले गेले आणि वर “नंबर लागला” म्हणून दुसरा हप्ताही मागण्यात आला. तो दुसरा हप्ता त्याने भरला नाही, कारण शेजारच्या शिक्षिकाबाईंनी त्याला कागद वाचून दाखवला.

इतर देश

ब्रिटनबद्दल थोडक्यात सांगतो. तिथल्या कुशल कामगार व्हिसाला परवानाधारक मालक लागतो आणि पगाराची पायरी २२ जुलै २०२५ पासून साधारणपणे वर्षाला ४१,७०० पौंड झाली. नवख्याला ती सहज गाठता येत नाही. भारतीय पदवीधर तरुणांसाठी १८ ते ३० वयाची एक खास योजना २०२३ पासून आहे. वर्षाला ३,००० जागा, मालक लागत नाही, खात्यात २,५३० पौंड दाखवावे लागतात आणि दोन वर्षे राहता येते. पण तीही चिठ्ठीच! भाग घ्यायला फी नाही, म्हणून नाव घालायला हरकत नाही. मुदत मात्र वाढत नाही.

कॅनडाची एक्स्प्रेस एंट्री २०१५ पासून चालू आहे. तिथे चिठ्ठी नाही, गुण आहेत. वय, शिक्षण, इंग्रजी किंवा फ्रेंच, कामाचा अनुभव. पूर्वी नोकरीचे पत्र असले की जादा गुण मिळत. ते २५ मार्च २०२५ पासून बंद झाले. त्याचा एक फायदा असा की नोकरीची खोटी पत्रे लाखो रुपयांना विकण्याचा बाजार मंदावला. जुलै २०२३ मध्ये कॅनडाने अमेरिकेतील एच-१बी धारकांसाठी १०,००० जागांची खास योजना काढली, ती दोन दिवसांच्या आत भरली. तेव्हा असली योजना येण्याआधी ज्याचे इंग्रजीचे निकाल आणि पदवीची तपासणी तयार असते, त्यालाच तिचा उपयोग होतो.

जर्मनीविषयी जरा सविस्तर लिहिले पाहिजे, कारण तिथे पदवीधर आणि कारागीर दोघांनाही वाव आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये जर्मनीने भारतातील कुशल कामगारांसाठीचे व्हिसा वर्षाला २०,००० वरून ९०,००० पर्यंत नेण्याचे जाहीर केले. पदवीधरांसाठी तिथे ब्लू कार्ड आहे. नोकरीचे पत्र आणि ठरलेला पगार असला की मिळते, चिठ्ठी नाही. २०२५ साली हा पगार वर्षाला ४८,३०० युरो होता. कॉम्प्युटरसारख्या माणसांची टंचाई असलेल्या धंद्यांत आणि नुकते पदवी घेतलेल्यांसाठी सुमारे ४३,७६० युरो. हा आकडा दर जानेवारीत बदलतो. कॉम्प्युटरच्या कामात तीन वर्षांचा चांगला अनुभव असेल तर पदवी नसतानाही हे कार्ड मिळू शकते. २७ महिन्यांनंतर कायम राहण्याचा अर्ज करता येतो, आणि जर्मन भाषा बी-१ पायरीपर्यंत येत असेल तर २१ महिन्यांनंतरच.

ज्याच्या हातात नोकरीचे पत्र नाही त्याच्यासाठी १ जून २०२४ पासून ‘चान्सेनकार्ट’ म्हणजे संधी-कार्ड सुरू झाले. त्यावर एक वर्ष तिथे राहून नोकरी शोधायची, तोवर आठवड्याला वीस तास किरकोळ काम करायचे. पदवी किंवा निदान दोन वर्षांचे सरकारमान्य व्यवसाय-शिक्षण लागते. भाषेत जर्मन ए-१ किंवा इंग्रजी बी-२. आणि वय, अनुभव वगैरेंचे मिळून सहा गुण. पोटापाण्याची सोय म्हणून २०२५ मध्ये महिन्याला १,०९१ युरो प्रमाणे वर्षाची रक्कम अडकवून ठेवलेल्या खात्यात दाखवावी लागत होती. वर्षभरात नोकरी मिळालीच नाही तर तेवढी पुंजी खाऊन परत यायचे, हे घरात आधी ठरवूनच जावे.

फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीच्या बाडेन-वुर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. त्यात नर्स, इलेक्ट्रिशियन, प्लंबर, ड्रायव्हर असल्या कामांचा विचार आहे. करार झाला म्हणजे नोकरी झाली असे समजू नये. पहिली अट भाषेची. मुंबईत आणि पुण्यात मॅक्स म्युलर भवनात जर्मन शिकवतात आणि परीक्षाही घेतात. उर्दू माध्यमातून शिकलेल्या मुलांना आम्ही एवढे सांगू की जर्मन ही तुमच्या इंग्रजी माध्यमाच्या दोस्तालाही तितकीच नवी आहे. तिथे दोघांची सुरुवात एकाच ओळीवरून होते.

जपाननेही २०२१ च्या जानेवारीत भारताशी कुशल कामगारांचा करार केला. त्याला जपानी भाषेची प्राथमिक परीक्षा आणि धंद्याची परीक्षा लागते. २०२४ मध्ये जपानने या यादीत कापड आणि शिवणकामाचा समावेश केला, ही आमच्या धंद्यातील बातमी म्हणून नोंदवतो. धंद्याची परीक्षा कोणत्या देशात होते ते आधी पाहून मग क्लासची फी भरावी.

खाडी देशांचे आपल्या लोकांना काय सांगावे! पण तिथलेही कायदे बदलले आहेत. संयुक्त अरब अमिरातीत पदवी आणि महिना १५,००० दिरहम पगार असलेल्या कुशल माणसाला पाच वर्षांचा ग्रीन व्हिसा स्वतःच्या नावाने मिळतो, कफील लागत नाही. ३०,००० दिरहम पगाराच्या पदवीधराला दहा वर्षांचा गोल्डन व्हिसा. अमेरिकेत तीन वर्षे काम केलेला इंजिनीअर या पगारापर्यंत जाऊ शकतो, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. दहावी न झालेल्या कारागिरांची गोष्ट वेगळी. त्यांच्या पासपोर्टावर ईसीआर असते आणि १८ देशांत कामाला जाण्यासाठी ई-मायग्रेट पद्धतीने सरकारी मंजुरी घ्यावी लागते, तिच्याबरोबर दहा लाख रुपयांचा प्रवासी भारतीय विमाही. नोंदणीकृत एजंटाला उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी एवढेच घेता येतात. लाख-दीड लाख मागणाऱ्याला या नियमाचे नाव सांगून पाहावे. एजंटाचा नोंदणी क्रमांक ई-मायग्रेटवर पाहता येतो आणि तक्रार असेल तर प्रवासी संरक्षकांची कचेरी वांद्रे-कुर्ला संकुलातील विदेश भवनात आहे. डहाणू रोडपर्यंत २०१३ पासून लोकल आहे. एका दिवसात जाऊन येणे होते.

पर्यटक व्हिसावर थायलंडला चला, तिथे कॉम्प्युटरची नोकरी आहे, असे सांगून नेलेल्या मुलांना म्यानमारच्या सरहद्दीवर कोंडून ऑनलाइन ठगीची कामे करायला लावले गेले. परराष्ट्र खात्याने सप्टेंबर २०२२ मध्येच याबद्दल इशारा दिला होता आणि मार्च २०२५ मध्ये पाचशेहून अधिक भारतीयांना विमानांनी परत आणावे लागले. त्यांत शिकलेली मुले होती. चिठ्ठीत नाव न आलेला, मुदत संपत आलेला मुलगाच असल्या जाळ्यात लवकर सापडतो. मालक पर्यटक व्हिसावर बोलावतो याचा अर्थ मालक खरा नाही, एवढा नियम घरातल्या प्रत्येकाने पाठ करावा.

परत आला तर

परत येणे हाही एक पर्याय आहे आणि तो कुणी शेवटचा समजू नये. परदेशी कंपन्यांनी भारतात काढलेल्या स्वतःच्या कामाच्या कचेऱ्या २०२४ च्या सुमारास १,७०० हून जास्त होत्या आणि त्यांत सुमारे १९ लाख लोक कामाला होते. पुणे आणि मुंबई ही त्यांची मोठी ठाणी आहेत. अमेरिकेत दोन-तीन वर्षे काम केलेल्या मुलाची तिथे कदर होते, आणि वर सांगितलेला एल-१ चा रस्ताही याच कचेऱ्यांतून जातो.

खरी अडचण कर्जाची असते. मास्टर्सला चाळीस लाखांच्या वर खर्च होतो. कुणी बँकेचे कर्ज काढतो. कुणी व्याज नको म्हणून जमिनीचा तुकडा विकतो, बहिणीचे दागिने घेतो, मामू-चाचांकडून कर्ज-ए-हसना जमवतो. हा सगळा हिशेब डॉलरच्या पगारावर मांडलेला असतो. रुपयाच्या पगारावर तोच हिशेब मांडला तर मुदत दुप्पट-तिप्पट होते. धंद्यात उधारी थकली तर आपण पेढीवर जाऊन नवी तारीख लिहून देतो. घरच्या देण्याचेही तसेच करावे. ज्यांनी पैसे दिले त्यांना बोलावून, खरी परिस्थिती सांगून नवे हप्ते कागदावर लिहून घ्यावेत. आम्ही पाहतो ते उलटेच. बाप लोकांना तोंड दाखवायला लाजतो, मुलाला फोनवर “काहीही कर पण तिथेच राहा” म्हणतो, आणि मुलगा मुदत उलटून बेकायदा राहतो. सहा महिन्यांहून अधिक बेकायदा राहून निघाला तर तीन वर्षे आणि एक वर्षाहून अधिक राहून निघाला तर दहा वर्षे त्याला अमेरिकेत परत जायची बंदी होते. चार लोक काय म्हणतील या भीतीने मुलाचा पुढचा रस्ता बंद करू नये. मुलीच्या बाबतीत तर लोकांची बोलणी अधिक ऐकावी लागतात. पण नियम तिलाही हेच आहेत आणि तिचा हुनरही तोच आहे.

कागदांवरचे नाव

शेवटची बाब लहान दिसते, पण आपल्या लोकांची कामे सर्वांत जास्त इथेच अडतात. शाळेच्या दाखल्यावर ‘मोहम्मद’, आधारवर नुसते ‘मो.’, पदवीवर तिसरेच स्पेलिंग. शेख कुठे नावाच्या आधी, कुठे नंतर. मुलीच्या नावापुढे एका कागदावर ‘बानो’, दुसऱ्यावर नाही. उर्दू शाळांतून तर मास्तरांनी जसे कानाला लागले तसे इंग्रजीत लिहिलेले असते. पुष्कळांच्या पासपोर्टात आडनावाची जागा कोरीच असते. अमेरिकेच्या व्हिसावर मग पहिल्या नावाच्या जागी नाव माहीत नाही अशा अर्थाची ‘एफएनयू’ ही अक्षरे छापली जातात आणि ती बँकेपासून लायसन्सपर्यंत सगळीकडे मागे लागतात. नोव्हेंबर २०२२ मध्ये अमिरातीनेही एकेरी नावाच्या पासपोर्टावर भेटीच्या व्हिसाला अडवणूक सुरू केली. आणि २०२४ पासून एच-१बी ची चिठ्ठीच पासपोर्टावरून धरली जात असल्याने तिथले नाव, नंबर आणि अर्जातले नाव, नंबर यांत फरक चालत नाही.

तेव्हा मुलगा बारावीत असतानाच सगळे दाखले एका ओळीत मांडून पाहावेत. फरक किरकोळ असेल तर शाळेच्या रेकॉर्डात दुरुस्ती मागावी. मोठा असेल तर महाराष्ट्र शासन राजपत्रात नाव-बदलाची जाहिरात द्यावी. हा अर्ज शासकीय मुद्रण संचालनालयाकडे ऑनलाइन करता येतो. राजपत्रात नाव छापून आले की त्या पानाच्या चार-पाच प्रती काढून ठेवाव्यात, आणि पहिल्यांदा पासपोर्ट, मग आधार, मग पॅन आणि बँक या क्रमाने एकच स्पेलिंग करून घ्यावे.